टीव्हीवर काढलेली आई

मित्रांनो, मी एक जुना घरगुती संगणक आहे. हसू नका. मला स्वतःचा पडदा नव्हता. घरातल्या टीव्हीला जोडलं की माझी चित्रं दिसायची. ती टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर उतरवून ठेवावी लागत, कारण बटन बंद झालं की माझ्यातली चित्रं पुसली जायची.

सुभद्राच्या भावाने मला दुबईहून आणून तिच्या आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये ठेवलं. सुभद्रा वटार गावच्या बागायतदारांची लेक. तिची आई वारली तेव्हा घरात आईचा एक फोटोही नव्हता. मग चौकटींच्या कागदावर खुणा करून, एकेक ठिपका आकड्यांनी सांगत, ती माझ्याकडून आईचं चित्र काढून घेऊ लागली. कपाळावरचं कुंकू, केळीला पाणी घालणारे हात. बाई मोठी चिकाटीची. मलाही ते काम फार आवडायचं.

नवरा जयराम मात्र नाकावर राग घेऊन फिरणारा. एका रविवारी चित्र पुरं झालं, आणि ते कॅसेटवर उतरवायच्या आतच त्याने टेपरेकॉर्डर भिंतीवर आपटला.

"मॅच सुरू झाली, आणि तू ठिपके काढत बसलीस?"

सुभद्रा आडवी आली, तर तिच्या कानशिलात बसली. "टीव्ही घ्या," ती म्हणाली, "पण ह्याचं बटन बंद करू नका. आई जाईल."

तिथेच बिचारी चुकली. जयरामला आयतंच कोलीत मिळालं. तो माझ्या बटनावर बोट ठेवून मॅच बघत बसला. चहा गार लागला म्हणून त्याने कप तिच्या अंगावर फेकला. काचा वेचायला ती वाकली, तर पाठीत लाथ घातली. ती माझ्या बटनाकडे बघत काचा वेचत राहिली. मला स्वतःची लाज वाटत होती.

एवढ्यात त्यांची लहानगी अक्षया टीव्हीसमोरून गेली. जयरामने दुसऱ्या हाताने तिला झिंज्या धरून ओढलं आणि थोबाडीत मारलं. पोरीचा ओठ फुटला. सुभद्रा धावली.

"मी नाय रडत, आई," पोर म्हणाली. "नायतर आजी जाईल."

सुभद्रा जागीच थांबली. मग तिने नवऱ्याचं बोट झटकलं आणि माझं बटन स्वतःच बंद केलं.

त्याने हात उगारला. तिने मला उचलून त्याच्या मनगटावर हाणलं. माझ्या कीबोर्डच्या कळा उडाल्या, तो कळवळून खाली बसला. लेकीला कडेवर घेऊन ती माहेरी वटारला निघून गेली ती गेलीच. मी आजही इथे माळ्यावर धूळ खातोय.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं आमच्यासारखे शेवटी सांगतात. मी नाही सांगणार. मला जपण्यासाठी घरात कुणी मार खात असेल, तर आधी मला बंद करा.