काचेखालची पाहुणी

मित्रांनो, बोटभर लांबीची, कडा घासून गुळगुळीत केलेली एक जुनी काचपट्टी म्हणजे मी. भट्टीत वितळले, थंड झाले, कापली गेले आणि खोक्यात बसून एका प्रयोगशाळेत आले. माझ्या बहिणींच्या वाट्याला कांद्याचे पापुद्रे आले. माझ्या नशिबी मात्र एक जीव होता.

तो आणला कोळीवाल्या बाईंनी. झाडांच्या पानांवर राहणाऱ्या, खसखशीहून लहान कोळ्यांचा त्या अभ्यास करत, म्हणून त्यांना सगळे असंच म्हणत. त्यांच्या आईच्या गॅलरीतला गुलाब लाल कोळ्यांनी पिवळा पडत चालला होता. भिंगातून पाहताना बाईंना त्या लाल गर्दीत एक फिकट, चकचकीत मादी तुरुतुरु पळताना दिसली. ती चक्क लाल कोळ्यांना धरून खात होती! बाईंनी बारीक कुंचल्याने तिला टिपलं, माझ्यावर थेंबभर पारदर्शक डिंकात निजवलं आणि वर पातळ काचेचं पांघरूण घातलं.

मग सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पाठीवरचे केस बघणं सुरू झालं. कुठला आखूड, कुठला लांब, कुठला करवतीसारखा, यावरून तर जात ओळखतात. माहीत असलेल्या एकाही जातीशी तिचं जुळेना. बाई हरखल्या. पण एकटीवरून नवी जात कशी सांगणार? आणखी हव्या होत्या.

त्या आणायला बाई आईच्या घरी गेल्या आणि परतल्या त्या आईला घेऊनच. आईचा चेहरा उतरला होता.

“फवारलं गं मी औषध. गुलाब वाचावा म्हणून. मला काय ठाऊक, त्यात तुझी माणसं होती!”

“असू दे गं आई. मीच सांगायला हवं होतं.”

मला ‘ओळख बाकी’ अशी चिठ्ठी लागली आणि मी खणात गेले. वर्षं गेली. कडेचा डिंक तडकला, हवेचा एक बुडबुडा माझ्या पाहुणीच्या पायांकडे सरकू लागला. माझा जीव टांगणीला लागला. बाहेरून आईचा आवाज मात्र येत राही. दवाखान्याच्या कुंपणावरची, शेजारणीच्या कुंडीतली, बसथांब्यामागची पानं पिशवीत घालून ती येई.

“यात बघ बरं.”

“नाही गं, ही वेगळी.”

“बरं. अजून पुष्कळ झाडं आहेत.”

गुडघे कुरकुरत, पण ती वाकायची थांबली नाही.

एके दिवशी खण उघडला. शेजारच्या गल्लीतल्या वेलीवर आईला पळणाऱ्या फिकट माद्या सापडल्या होत्या. मी पुन्हा भिंगाखाली गेले. केसाला केस जुळला! बाईंनी माझ्यावरच्या पांघरुणाच्या कडा नेलपॉलिशने बंद केल्या, पाहुणीचं चित्र काढलं, वर्णन लिहिलं.

“नाव तुझं देते, आई.”

“छे! मारणारीचं नाव?”

“शोधणारीचं.”

एक डोळा मिटून आई भिंगावर वाकली.

“अगंबाई! एवढे केस, आणि विंचरायला कोणी नाही?”

बाई हसता हसता डोळे पुसू लागल्या.

आता मला लाल चिठ्ठी आहे, म्हणजे त्या जातीचा मूळ नमुना माझ्यापाशी. त्या जातीबद्दल कुणाला शंका आली, तर माझ्यावरचीच पाहुणी बघावी लागते. मित्रांनो, मला आडवीच ठेवा, उभी केलीत तर ती घसरेल. आणि औषध फवारण्याआधी पान जरा उलटून बघत जा. तिथे कुणीतरी तुमच्याच झाडासाठी धावत असेल.