चहा ओतणारा हात

किनुए गुडघे टेकून बसली की तिच्या उजव्या गुडघ्यातून वाळकी काडी मोडल्यासारखा बारीक आवाज येतो. जपानातल्या आमच्या इगा गावात जुन्या हेरांचं, निंजांचं, संग्रहालय आहे; त्या निंजाघरात ती निंजा बाईचा गुलाबी पोशाख घालून तुळईवरून उडी मारते, तेव्हा ढोल वाजत असतो. त्यामुळे प्रेक्षकांना तो ऐकू जात नाही. पडद्यामागच्या खोलीत जुन्या वस्तू तपासत बसलेल्या मला मात्र जातो.

निंजा बायकांचा म्हणून तिथे मांडलेल्या ‘विषारी’ केसकाट्याची तपासणी मीच केली. त्यावर केसांना लावायचं तेल निघालं. गुलाबी पोशाखाला तर कसलाच आधार नाही. निंजांच्या जुन्या हस्तलिखितात बायकांबद्दल जेमतेम काही ओळी आहेत: पुरुषाला जिथे शिरता येत नाही, तिथे बाईला पाठवावं, घरकामाला म्हणून गेली तर उत्तम. उडीचा उल्लेख नाही.

हे मी किनुएला सांगितलं, तेव्हा ती गुडघ्याला लेप चोळत होती.

“म्हणजे इतकी वर्षं मी उगाचच वरून पडतेय?”

“उगाच कसं? तिकीट असतं.”

ती हसली. मग हळूच म्हणाली, “उडी सोडायचीय मला. पण उडी नसेल तर मला या घरात ठेवतील का? आणि समितीलाही वाईट वाटेल. दुसरं आहे कोण त्यांच्याकडे?”

हे ती गेल्या वसंतातही म्हणाली होती.

सोमवारी निंजाघर बंद असतं, तेव्हा ते चालवणारी समिती बसते. चहा देणारी कारकून मुलगी सर्दीने घरी होती, म्हणून किनुएने तिचा करडा एप्रन चढवला. समितीची पुरुष मंडळी बुटक्या टेबलाभोवती बसून आमच्याकडची दगडासारखी बिस्किटं चहात भिजवत होती. विषय होता शरदातल्या उत्सवाचा.

“ओसाकाहून एक मुलगी मिळतेय,” अध्यक्ष कुसुमोतो म्हणाले. “कोलांटी मारता मारता स्वतःचा फोटो काढते!”

“आणि किनुए-सान?” एकाने विचारलं.

किनुए अध्यक्षांच्या कोपराशी टेकली. काडी मोडली. कुणी मान वर केली नाही. चहा ओतणारा हात त्यांना मनगटापर्यंतच दिसतो.

“त्यांना सांगायचं कुणी, हाच तर घोळ आहे,” खजिनदार इबुकी म्हणाले. “मागच्या खेपेला तुम्ही सांगणार होतात.”

“गेलो होतो हो! त्यांनी खरबूज कापून पुढे ठेवलं. खरबूज खाता खाता असलं काही बोलवतं का?”

“मग उत्सव होऊन जाऊ दे. निरोपाला एक फुलदाणी देऊ. तोवर त्यांना कळता कामा नये.”

“छे, त्यांना कुठून कळणार?” असं म्हणत अध्यक्षांनी कप पुढे केला. किनुएने तो भरला.

मग ते कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे वळले. “उझाकी-सान, पोस्टरसाठी शास्त्रीय मत द्या. खऱ्या निंजा बायका शत्रूच्या घरात कशा शिरायच्या? छपरातून की भुयारातून?”

मी त्यांच्या कपातल्या वाफेकडे पाहिलं.

“दारातून,” मी म्हणाले. “ट्रे घेऊन.”

सगळे खो खो हसले. “अहो, असल्या पोस्टरला कोण बघणार?”

किनुएने किटली खाली ठेवली.

“फुलदाणी नको, अध्यक्ष. आहेत माझ्याकडे.”

त्यांनी आधी किटलीकडे पाहिलं, मग एप्रनकडे, मग वर. इबुकींचं बिस्किट चहात बुडालं.

“किनुए-सान! तुम्ही… कधी आलात?”

“चहा आला तेव्हा.”

अध्यक्ष माफी मागायला टेबलावर वाकले. तिने त्यांना पुरतं वाकू दिलं.

“उडी मी सोडतेय,” ती म्हणाली. “आजपासून. उड्या त्या मुलीला मारू दे, तिचे गुडघे नवे आहेत. पण निंजाघर सोडणार नाही. पुढच्या सोमवारी मी इथे, या टेबलाशी बसणार आहे. चहा तुम्ही ओता.”