मडीतला अंगारा

दवाखान्याच्या अंगणात मृडय्यास्वामींनी दोन गाडग्यांची झाकणं उघडली आणि गर्दी एकदम मागे सरली. पहिल्यातली डाळ आंबून फसफसत होती. दुसऱ्यातली, त्याच दिवशी शिजलेली, पण स्वामींचा अंगारा पडलेली, जणू आत्ताच चुलीवरून उतरली होती.

"हिमालयातल्या उंबराची राख," स्वामी म्हणाले. "कुजणं म्हणजे काय, तिला ठाऊकच नाही."

हिमालयात उंबर उगवतो का, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. निंगप्पाला तर नव्हतीच. त्याची बायको शिवलीला पित्ताशयातल्या खड्यांनी आत तळमळत होती. ऑपरेशन परवावर आलं होतं, आणि त्याच्या आईने, गंगव्वाने, हट्ट धरला होता: जखमेत अंगारा घालणार असाल तर कापा, नाहीतर सून घरी नेते. निंगप्पा आईपासून डॉक्टरीणबाईंपर्यंत आणि तिथून परत, अशा येरझाऱ्या घालत होता.

वारिजा डॉक्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी फक्त रांधण्याची रीत विचारली. स्वामी खुलले. अंगारा घालायचा, झाकण कणकेने लिंपायचं, मग शिजवायचं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत उघडायचं नाही. आणि बिनअंगाऱ्याचं गाडगं? ते उघडंच शिजवायचं. त्यातली डाळ आधी लोकांना वाढायची, त्यांची खात्री पटावी म्हणून.

डॉक्टरांनी लगेच दवाखान्याच्या चुलीवर डाळीची दोन गाडगी चढवली. दोन्ही लिंपलेली, अंगारा कशातच नाही. निवल्यावर एक उघडून स्वामींनी स्वहस्ते चिमूट टाकावी आणि पुन्हा लिंपावं, असं ठरलं. स्वामींना तेवढ्यात मठाचं काम आठवलं, पण गर्दी वाट देईना.

ऑपरेशनच्या सकाळी गाडगी उघडली. अंगाऱ्याचंच फसफसलं होतं.

"कुणाची तरी नजर लागली," स्वामी म्हणाले.

"गुण अंगाऱ्यात नव्हता, कणकेत होता," डॉक्टर म्हणाल्या. "आगीने आतले जंतू मेले, कणकेने बाहेरचे येऊ दिले नाहीत. आमची अवजारंही अशीच बंद करून वाफवतो. तुमच्या चिमटीबरोबर जंतू आत गेले."

गंगव्वाने अंगारा सोडला, पण ओलेत्या लुगड्याने थेट ऑपरेशनच्या खोलीपाशी आली. ती मडीत होती, म्हणजे कडक सोवळ्यात. तिच्याएवढं शुद्ध दवाखान्यात कोण होतं? सुनेचा हात धरायला तिला आत जायचं होतं.

"अव्वा, तुमची मडी देवाला चालते," डॉक्टर म्हणाल्या. "जंतूंना मात्र ओलं लुगडं म्हणजे माहेर. आमची मडी वाफेची. एकदा कशाला शिवलं, की सगळं पहिल्यापासून."

हे मात्र गंगव्वाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जन्मभर तिने दुसरं केलं काय? ती मागे सरली आणि दार लागलं.

थोड्या वेळाने स्वामी तीर्थाचा तांब्या घेऊन दाराशी आले. गंगव्वा आडवी आली.

"लांब व्हा. आत मडी आहे."

निंगप्पा सकाळपासून पहिल्यांदा बाकावर टेकला.

भांड्यात काय टाकलं, ते सगळेच बघतात. झाकण कसं लावलं, तेही विचारत जावं.