दोन किलोमीटर

मी तळ्याकाठच्या पायवाटेवरचा फलक बोलतोय. ऊन आणि दव खाऊन माझी अर्धी अक्षरं गेली आहेत. आठवणी तरी जशाच्या तशा उरल्या असतील का, कोण जाणे. ज्या हिवाळ्याची ही गोष्ट, तो माझा तिसरा होता की चौथा, इथूनच माझा गोंधळ होतो.

मला रंगवलं उद्यान खात्याच्या मागच्या खोलीत. ‘हिवाळ्यातील सोपी पायवाट’ एवढं लिहून झाल्यावर रंगाऱ्याने विचारलं, लांबी किती टाकू? कारकुनाने चहाचा कप खालीही ठेवला नाही. “दोन किलोमीटर टाक. दोन म्हटलं की माणसं येतात.” हा गृहस्थ त्या वाटेला कधी फिरकला नव्हता. पण खाली खात्याचं नाव आलं आणि माझा शब्द प्रमाण झाला.

माणसं आली खरी. निसर्ग बघायला आली आणि एकमेकांच्या नव्या टोप्या बघून गेली. बगळ्याला बदक म्हणणारा नेमका सगळ्यांत मोठ्याने बोले. धुक्यासमोर उभं राहून फोटो काढायचे आणि थंडी फार म्हणत पळायचे. मला वाचायचे सगळे. शंका कुणाला येत नसे.

आली ती एका म्हाताऱ्या शिंप्याला. सगळे त्यांना मास्तर म्हणत. बायको गेल्यापासून ते दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटे राहत. छातीच्या दुखण्यातून उठले तेव्हा मुलाने अट घातली: थंडी सरेपर्यंत ही सोपी वाट एकदा तरी न बसता पुरी करा, मग खुशाल एकटे राहा. नाहीतर खोल्या बंद करायच्या आणि आमच्याकडे यायचं. मास्तर कबूल झाले. दोन किलोमीटरचं काय एवढं?

रोज सकाळी मफलर गुंडाळून ते सूनबाईबरोबर निघत. मुलगा माझ्यापाशी घड्याळ बघत उभा राही. त्याने मात्र ती वाट एकदाही चालून पाहिली नाही.

“पुलापलीकडच्या बाकावर बसतातच,” सूनबाई परत येऊन सांगे. “पण तो बाक बराच लांब आहे हो.”

“अगं, अख्खी वाटच दोन किलोमीटर. त्यात लांब काय असणार?”

शेवटच्या रविवारी मास्तरांनी माझ्या आकड्यावर बोट ठेवलं. “हे माप ढिलं आहे. चाळीस वर्षं मापं घेतली मी.”

“बाबा, खात्याने लिहिलंय. ते कशाला खोटं लिहितील?”

“खोटं नाही रे. न मोजता लिहिलं असेल.”

मुलगा हसला. सूनबाई न हसता मास्तरांचा मफलर नीट करू लागली. त्या दिवशीही मास्तर त्याच बाकावर बसले. दुसऱ्या आठवड्यात खोल्यांना कुलूप लागलं, आणि मास्तर पुन्हा दिसले नाहीत.

इतरांना काय नावं ठेवू? कारकुनाचं बोलणं मी स्वतः ऐकलं होतं. तरी अंगावर लिहिलंय म्हणजे खरंच असेल, असं मीही धरून चाललो.

आता मला उपटून आडवं टाकलंय. जाळा, काही म्हणणं नाही. फक्त नवा आकडा घालणाऱ्याला आधी एकदा चालायला लावा.

मास्तरांच्या खोल्यांना कुलूप लागून अकरा वर्षं झाल्यावर खात्यातली एक मुलगी मोजणीचं चाक ढकलत ती वाट फिरून आली. तिने वहीत लिहिलं आणि रंगाऱ्याला वाचून दाखवलं: पूर्ण वाट तीन किलोमीटर दोनशे मीटर, पुलापलीकडचा बाक दोन किलोमीटर सहाशेवर.