अर्धी प्रदक्षिणा

दर रविवारी सकाळी साडेसहाला मी कुसुमला घरात ठेवून दाराला बाहेरून कुलूप लावत असे. हे सांगताना मला लाज वाटते, पण दुसरा इलाज नव्हता. तिची स्मरणशक्ती हळूहळू दगा देऊ लागली होती, आणि दोन वर्षांपूर्वी एकदा ती हडपसरच्या मंडईत अनवाणी उभी सापडली, हातात कुणाची तरी मेथीची जुडी घेऊन, तेव्हापासून घरात कुलूप आले. किल्ली एकच, माझ्या सदऱ्याच्या खिशात. साडेदहाला मी परतलो की कुलपाचा आवाज ऐकून ती दाराशी येई, मला नीट न्याहाळी आणि अदबीने विचारी, "आपण कोण?" चाळीस वर्षे संसार केलेल्या बायकोने असे विचारावे, ही काही चेष्टा नव्हे. सुरुवातीला मी जवळ बसून समजावून सांगायचो. पुढे पुढे "घरमालक!" असे खेकसून सरळ आंघोळीला जाऊ लागलो.

मग रविवारी गावभर भटकायला जाता कशाला, असे कुणीही विचारील. खरे उत्तर हेच की ते चार तास मला हवे होते. निवृत्त इतिहास शिक्षकाला ऐकून घेणारी माणसे सहसा मिळत नाहीत, आणि जुने पुणे दाखवणाऱ्या माझ्या वारसा फेरीला ती आपण होऊन येतात, टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी आम्ही जमायचो, त्यावरच्या हत्ती थोपवणाऱ्या खिळ्यांचे फोटो काढून होईपर्यंत मी धीर धरायचो, मग लाल महाल, कसबा गणपती, शिवाजी पुलावरून नदीपार आणि शेवटी जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वराचे लेणे. शाळेच्या सहलींनी लावलेली एक सवय मी सोडली नव्हती. कुठल्याही जागी मास्तराने सर्वांच्या आधी आत शिरायचे, सर्वांच्या नंतर बाहेर पडायचे, आणि बाहेर आल्यावर डोकी मोजायची, स्वतःचे धरून. आकडा जुळल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचे नाही.

त्या रविवारी मला धरून आम्ही एकोणीस जण होतो. वाघोलीहून आलेली शेफाली नावाची मुलगी, कुठल्याशा आयटी कंपनीतली, वाटेभर प्रश्न विचारत होती आणि मला ते आवडतही होते. लेण्याच्या खांबांमधून गाभाऱ्यामागच्या अंधाऱ्या बोळात आम्ही रांगेने शिरलो. पिंडीवरचे पाणी वाहून नेणारी दगडी पन्हळ आली तसे मी सगळ्यांना थांबवले.

"आता आल्या पावली मागे. शंकराची प्रदक्षिणा अर्धीच घालायची, पन्हळ ओलांडायची नाही."

"पण सर, पुढे रस्ता तर आहे. फुल राउंड मारला तर काय होतं?"

"काही नाही. पुणेकर तुम्हाला बोलणार नाहीत, नुसते बघतील."

सगळे हसले आणि मागे फिरले. मी नेहमीप्रमाणे शेवटी निघालो, पायऱ्यांशी उभा राहून मोजले, तर मला धरून अठरा. पुन्हा मोजले, अठराच. पावणेदहा वाजून गेले होते, कुसुमची गोळी साडेदहाला असते, आणि कुणीतरी महाभाग आत सेल्फी काढत बसला असणार म्हणून मी मनातल्या मनात चरफडत परत आत गेलो.

बोळात कुणी नव्हते. पन्हळीपलीकडच्या वळणावर मात्र पांढऱ्या सदऱ्यातली एक पाठ मला दिसली, सावकाश चालत पुढे निघालेली. "अहो, बाहेर या," मी हाक मारली. पाठ वळली नाही. मागे फिरून अंगणातून त्याला गाठण्यापेक्षा पुढून जाणे जवळचे होते. असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत, पण चाळीस वर्षे मुलांना मागे फिरवलेल्या त्या पन्हळीवरून पाय उचलताना मला क्षणभर संकोच वाटला. मग मी ती ओलांडली.

दुसऱ्या बाजूने खांबांशी आलो तर माझा सगळा जथा बाहेर उन्हात उभा होता. पांढऱ्या सदऱ्यातला माणूस माझ्याकडे पाठ करून बोटाने डोकी मोजत होता.

"एकोणीस," तो म्हणाला. "चला, बरोबर." आवाज माझा होता.

"स्वतःला मोजलंत ना सर?" शेफालीने विचारले, आणि तो मनमोकळा हसला. असा मी कित्येक महिन्यांत हसलो नव्हतो.

मी ओरडलो. शेफालीने एकदा आत पाहिले, खांबाकडे पाहावे तसे, आणि ती चपला घालू लागली. मी पायऱ्यांकडे धावलो, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि पायाखाली पन्हळ आली. पुन्हा तोच बोळ, तेच वळण. परत पायऱ्या गाठल्या, परत पन्हळ. मग उलटा गेलो, आल्या पावली, नियमाप्रमाणे, तरी तेच. नवी माणसे दर्शनाला येत होती, हात जोडत होती, माझ्या अगदी जवळून, किंचित अंग चोरून जात होती. मी एकाचा हात धरला तर त्याने तो हात सदऱ्याला पुसला. इतका घाबरलो होतो की मला रडू येईना. एकच विचार डोक्यात ठाण मांडून होता, की कुसुम कुलपाआड आहे आणि किल्ली माझ्याकडे आहे. मी खिसा चाचपला. किल्ली होती.

फोनला रेंज आली तेव्हा अकरा वाजायला आले होते. घरचा फोन ती कधी उचलत नाही, तरी लावला. बराच वेळ वाजला आणि उचलला गेला.

"हॅलो?" कुसुमचा आवाज. किती दिवसांनी तो असा स्वच्छ लागत होता.

"कुसुम, घाबरू नकोस. दार बंद असलं तरी..."

"दार उघडंच आहे की," ती म्हणाली. "हे आत्ताच आले फेरीहून. म्हणाले, आजपासून कुलूप नको." मग शेजारणीला सांगावे तसे ती आनंदाने म्हणाली, "आज मी त्यांना बघताक्षणी ओळखलं हो. मला आपलं वाटायचं, रोज कुणी परकंच येतंय."

तिच्या मागे कपबशीचा आवाज झाला. कुणीतरी तिला हळू आवाजात गोळीची आठवण करून दिली, अजिबात न खेकसता.

मी किल्ली मुठीत घट्ट धरली होती. मला तिला सगळे सांगायचे होते. लग्नातल्या गोष्टी, फक्त आम्हा दोघांना ठाऊक असलेल्या खुणा, सगळे जिभेवर आले होते. ती ऐकेल, कदाचित पटेलही, मग ती घाबरेल, आणि दाराला पुन्हा कुलूप लागेल.

"आपण कोण बोलताय?" तिने अदबीने विचारले.

"राँग नंबर," मी म्हणालो.