मोहोरावरची माशी

दीपिकाने पट्टी सोडली आणि तिचा हात थांबला. सत्यवानच्या टाचेच्या जखमेत अळ्या वळवळत होत्या.

"काकी, ही पट्टी कधीपासून सोडूक नाय?" तिने विचारलं. नर्स असली तरी ती गावातलीच पोर.

हौसाबाईने मान खाली घातली. तिने अळ्या परवाच पाहिल्या होत्या. धुवायला गेली तर नवऱ्याने हात धरला. "काढू नको गो. खावंदे तेंका."

सत्यवान जामसंड्याच्या बागेत तीस वर्षं राखणदार. हापूसची पेटी हुंगताना लोक डोळे मिटतात. माघात बागेत आले तर नाक दाबून पळतील. मोहोर आला की सत्यवान फांद्यांना सडक्या मासळीची गोणपाटं बांधायचा. वासावर हिरव्या-निळ्या माश्या घोंगावत यायच्या, मोहोरावर बसायच्या आणि फळ धरायचं. "मधमाशयेक सगळे मान देतत, पण आंबो धरता तो हिच्यामुळे," असं तो मालकालाही सुनवायचा. साखरेच्या आजाराने टाच सडली तेव्हाही त्याने भरवसा टाकला तो माशीवरच.

डॉक्टर आले. हौसाबाई बोलणी खायच्या तयारीने उभी राहिली. डॉक्टर वाकून बघत राहिले.

"अळ्यांनी मेलेलं मांस तेवढंच खाल्लंय. जखम बरीच साफ आहे."

सत्यवान बायकोकडे बघून हसला. "मी तुका सांगलंय मा?"

"पण काका, खाली रक्तच पोचत नाही. घोट्यापर्यंत पाय काळा पडलाय. गुडघ्याखाली काढावा लागेल, आजच."

"डॉक्टर, अजून चार दिवस त्यांना राहू दिलं तर?" हौसाबाईने जमेल तशा शुद्ध भाषेत विचारलं.

"मेलेलं त्या खातील, मावशी. मेलेलं जिवंत नाही करणार."

तिला डॉक्टरांचा राग आला, माश्यांचा आला, स्वतःचा सगळ्यांत जास्त आला. पण तो घेऊन जायचं कुठे? कागदावर दाखवलं तिथे तिने सही केली.

संध्याकाळी सत्यवान शुद्धीवर आला. डोळे अर्धवट मिटलेलेच होते.

"गो, टाचेर माशी बसली हा."

हौसाबाईने हात उचलला. गुडघ्याच्या खाली चादर सपाट गादीला टेकली होती.

"उडवू नको," तो म्हणाला. "बसांदे तिका."

"बरां," म्हणत तिने हात मांडीवर घेतला.