नको म्हणणारा पेंटर

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने उभ्या आयुष्यात कोणाचं काही घेतलं नाही. ही माहिती त्याचीच. तो ती भेटेल त्याला सांगायचा. शेजारणीने वाटीभर गोडधोड पाठवलं, तर संध्याकाळच्या आत वाटी काठोकाठ भरून परत जायची. मग तिलाही राहवायचं नाही, ती पुन्हा पाठवायची. शेवटी दोन्ही घरं दमली आणि वाट्यांची ये-जा बंद पडली.

देवाशीही त्याचा व्यवहार असाच चोख होता. रोज सकाळी खिडकीपाशी उभा राहून, हात जोडून तो मोठ्याने म्हणायचा, "माझं ठीक चाललंय. मला काही नको. तू दुसऱ्या कोणाचं बघ."

देव खरोखरच दुसऱ्यांचं बघत असावा, कारण पेंटरची बायको गेल्यानंतर त्याच्या आयुष्यात बरीच वर्षं काहीच घडलं नव्हतं.

मग एका दातांच्या डॉक्टरच्या दारावर 'वेदनारहित उपचार' असं लिहिताना त्याची शिडी सरकली. 'वेदना' लिहून झालं होतं. पेंटर दोन्ही हात पुढे करून पडला आणि दोन्ही हात मोडले. पाटी तशीच राहिली. दवाखान्यात त्या दिवसांत गर्दी कमी होती म्हणतात.

इस्पितळात कोपराच्या वरपर्यंत दोन्ही हात प्लास्टरमध्ये गेले, तळवे वर केलेले, बोटांची टोकं तेवढी बाहेर.

"एक तरी हात मोकळा ठेवता येणार नाही का?" पेंटरने विचारलं.

"न मोडलेला कोणता ते सांगा, तो ठेवतो," हाडांचे डॉक्टर म्हणाले.

पेंटर राहायचा त्या खोलीच्या बरोबर खाली एक सलून होतं. सलूनवाला बोलका माणूस. त्यानेच पेंटरला जिना चढवून वर आणलं, कॉटवर बसवलं आणि विचारलं, "काय हवं-नको?"

"काही नको."

"बरं," म्हणून सलूनवाला दार नुसतं लोटून खाली गेला.

पेंटर पाणी प्यायला, कोपराने नळ उघडून, खाली तोंड लावून. नळ बंद करताना शर्ट भिजला. शर्ट बदलणं शक्य नव्हतं, म्हणून तो वाळेपर्यंत बसून राहिला. डब्यात पाव होता, पण डब्याचं झाकण घट्ट होतं. झाकण असं घट्ट लावायची शिस्त त्याचीच. तो उपाशी झोपला.

सकाळी त्याने टाच जमिनीवर आपटली. सलूनवाला खांद्यावर टॉवेल टाकून वर आला.

"बोलावलंत?"

"नाही. चुकून पाय आपटला."

"बरं." तो वळला.

"थांबा," पेंटर म्हणाला. मग बराच वेळ भिंतीकडे बघून म्हणाला, "भूक लागलीय."

सलूनवाल्याने घरून सूप आणून चमच्याने भरवायला घेतलं. पहिल्या चमच्यालाच पेंटर म्हणाला, "हात सुटू देत, तुमच्या दुकानाची पाटी नवी करून देतो." दुसऱ्या चमच्याला त्याने आतल्या भिंतींचा रंग कबूल केला. तिसऱ्याला आरशांवर वेलबुट्टी.

"आधी गिळा," सलूनवाला म्हणाला. "बोलताना सांडतंय." त्याने हनुवटी पुसली. "तुम्ही सकाळी देवालाही असंच काही नको म्हणून सांगता ना? खाली सगळं ऐकू येतं. माझ्याकडे एक गृहस्थ यायचे. खुर्चीत बसायचे, आरशात बघायचे आणि म्हणायचे, राहू द्या, काही कापू नका. रोज! मला राग नाही यायचा, वाईट वाटायचं. माणूस समोर बसलाय, कात्री हातात आहे, आणि करू काहीच देत नाही."

"मग?"

"मग काय? मी पेपर वाचायचो."

सलूनवाल्याने न विचारताच पेंटरच्या मुलीला फोन केला. ती दुसऱ्या गावी राहायची. दुपारच्या गाडीने आली, बॅग कोपऱ्यात ठेवली आणि बापाचं डोकं बघून म्हणाली, "केसांत रंग तसाच आहे. चला, धुऊन देते."

"कशाला तुला त्रास? तू प्रवासातून आलीस, आधी मीच तुला..."

"काय द्याल? हात कुठे आहेत?"

त्याला स्टुलावर बसवून ती केसांवर तांब्याने पाणी ओतू लागली. जरा वेळाने म्हणाली, "शाळेत असताना मी तुमच्यासाठी स्वेटर विणला होता. आठवतं?"

"आठवतं की. दुसऱ्याच दिवशी मी तुला दुकानातला आणला. त्यापेक्षा चांगला."

"हो. त्यापेक्षा चांगला. म्हणून मी रडले."

"मला वाटलं, आनंदाने रडतेस."

"नाही, बाबा."

साबण पेंटरच्या डोळ्यांत गेला होता, पण त्याने तसं सांगितलं नाही. बदल्यात काय द्यावं याचा विचार त्याच्या डोक्यात नेहमीप्रमाणे सुरू झाला होता. मुलगी बोटांनी ते डोकं चोळत होती. काही वेळाने विचार आपोआप थांबला.

"पाणी छान गरम आहे," तो म्हणाला. मुलीने आणखी एक तांब्या ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीपाशी उभा राहिला. हात जोडता येईनात. प्लास्टरमधले दोन्ही तळवे आभाळाकडे उघडे होते, आणि अशा हातांनी 'मला काही नको' म्हणणं त्याला विचित्र वाटलं. बघणाऱ्याचा विश्वास बसला नसता. समोर रस्ता झाडला जात होता. ऊन पलीकडच्या गच्चीवरून खाली उतरत होतं. ते रोजच येत असणार. ते ऊन तो इतकी वर्षं नको म्हणत फुकट वापरत होता, हे आज त्याच्या ध्यानात आलं आणि तो फार ओशाळला.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "दे."

काय, ते त्याने सांगितलं नाही. मुलगी दूध-पाव घेऊन आली. त्याने खाल्ला आणि आणखी मागितला. तिने बापाकडे निरखून बघितलं, कपाळाला हात लावून ताप नाही ना याची खात्री केली आणि आणखी आणला.

हात सुटले तेव्हा बोटं आखडली होती. डॉक्टर म्हणाले, हळूहळू सैल होतील. मुलगी परत गेली होती; तिने काही दिवस राहायला बोलावलं. पेंटरने हो म्हटलं, हे ऐकून सलूनवाल्याच्या हातून एका गिऱ्हाइकाचा कल्ला वाकडा कापला गेला.

बसमध्ये गर्दी होती. कॉलेजातली वाटावी अशी एक मुलगी त्याला बघून उठली. "बसा ना, काका."

"नको, नको," पेंटर म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "बसतो."

तो बसला. ती दांडीला धरून शेजारीच उभी राहिली, वळणावळणाला हेलकावे खात. उठून तिला बसायला सांगावं असं त्याला प्रत्येक थांब्यावर वाटत होतं. तो बसून राहिला. जागा खिडकीची होती, वारा येत होता, आणि गाव यायला अजून बराच वेळ होता.